हात वर करून उभी

मद्रासला मी एक वर्ष बास्केटबॉल खेळले आणि त्या वर्षात मला कुणी धड एक पास दिला नाही. हे सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बाई अगदीच सुमार खेळत असणार. तसं नव्हतं. मला तिथे नेलं होतं ते बास्केट करण्यासाठीच, आणि नेणारा माणूस वेडा नव्हता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्याची. कॉलेज संपत आलं होतं. पुण्याच्या एका स्पर्धेत मी डाव्या कोपऱ्यातून एकामागून एक बास्केट मारत सुटले होते, तेव्हा कडेच्या बाकावर पांढरी टोपी घातलेले एक सडपातळ गृहस्थ बसून होते. मॅच संपल्यावर त्यांनी इंग्रजीतून विचारलं, "नोकरी पाहिजे?" ते मद्रासच्या एका मोठ्या ऑफिसच्या मुलींच्या टीमचे कोच होते. त्यांची टीम दरवर्षी शहराच्या लीगमध्ये फायनलपर्यंत जायची आणि तिथे हरायची. लांबून मारणारी मुलगीच त्यांच्याकडे नव्हती. समोरच्या पोरी बोर्डाखाली गोळा होऊन उभ्या राहिल्या की यांचं काही चालत नसे. नुंगंबाक्कमच्या ऑफिसात कारकुनाची जागा, एक वर्ष तात्पुरती, पुढे कोचनी मान हलवली तर कायम. वडील म्हणाले, "वर्षभर जाऊन ये, मग बघू." आईने लाडू केले.

नोकरी मला हवीच होती. पण खरं सांगायचं तर मला ती टीम हवी होती. साताऱ्यात आमच्या मुली पिकल्या आंब्यासारख्या गळायच्या. कुणाची परीक्षा, कुणाकडे पाहुणे, कुणाचं लग्न ठरलेलं. कितीतरी संध्याकाळी मी एकटीच रिंगवर बॉल मारत बसायचे. इथे पक्की टीम होती, रोजचा सराव होता. मला त्यांच्यातली एक व्हायचं होतं.

पहिल्याच दिवशी माती खाल्ली. सराव सकाळी सहाला, ऑफिसच्या मागच्या सिमेंटच्या कोर्टावर. मद्रासला सकाळी सहालाही अंगाला कपडे चिकटतात. कडेला हिरवा प्लास्टिकचा कुडम, म्हणजे तिथली घागर, आणि तिच्यावर स्टीलचा चंबू ठेवलेला. मी चंबू भरला, तोंडाला लावला आणि गटागटा प्याले. साताऱ्यात आमच्या एका बाटलीला अख्ख्या टीमची तोंडं लागायची आणि आम्हाला त्यात दोस्तीच वाटायची. मी चंबू खाली ठेवला तोच कॅप्टनने तो उचलला, नळावर नेऊन विसळला, भरून आणला, आणि मान मागे टाकून वरून धार सोडून प्याली. एक थेंब अंगावर सांडला नाही. बाकीच्याही तशाच प्यायल्या. मला मात्र कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून मी माझी बाटली नेऊ लागले आणि ती कोर्टाच्या पलीकडे, झाडाखाली ठेवू लागले. पाणी प्यायला मी एकटी तिकडे जायची.

नाकावरचा राग ही आमच्या घराण्याची इस्टेट. माझ्या वाट्याला जरा जास्तच आली आहे.

राहायची सोय तिरुवल्लिकेणीला झाली. त्या भागात एकट्या पुरुषांसाठी मॅन्शन्स, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या इमारती, पैशाला पासरी, पण एकट्या मुलीला खोली कोण देणार? कोचनी एक मराठी घर शोधून काढलं. तंजावरकडची माणसं, पिढ्यान्पिढ्या तिकडचीच झालेली. घरात एकट्या विधवा बाई, मुलगा दिल्लीला नोकरीवर. सगळी गल्ली त्यांना मामी म्हणे, मीही मामीच म्हणू लागले. मला वाटलं होतं, निदान घरी तरी आपलं बोलणं कानावर पडेल. पण मामींचं मराठी फार जुनं होतं आणि सूर सगळा तमिळ. शब्द ओळखीचे वाटेपर्यंत वाक्य पुढे निघून गेलेलं असायचं. त्याही माझ्याकडे तसंच बघायच्या, आणि मग आम्ही दोघी हसून विषय सोडून द्यायचो.

पहिल्या रात्री त्यांनी पानावर भात, आंबट वरण आणि डांगर पच्चडी वाढली. डांगर पच्चडी म्हणजे उडदाचं भाजलेलं पीठ कालवलेलं दही. भूक सडकून लागलेली. पहिला भात संपला तसं मामींनी विचारलं, "होर पाहिजे कीं?" होर म्हणजे आणखी, एवढं कळलं. मी म्हटलं, "नको." आता आमच्याकडे पहिल्या फटक्यात कोण हो म्हणतं? आपण नको म्हणायचं, वाढणारीने "अगं घे गं एवढासा" म्हणायचं, आपण पानावर हात आडवा धरायचा, तिने बोटांच्या फटीतून वाढायचं आणि मग आपण नाइलाजाने दोन माणसांचं जेवायचं. मामी "बरं" म्हणाल्या, पातेलं उचललं आणि आत गेल्या. झाकण लागल्याचा आवाज आला. मी बराच वेळ पानाकडे बघत बसले, त्या परत येतील म्हणून.

रोज हेच चाललं. रोज त्या एकदा विचारायच्या, रोज माझ्या तोंडून नको निघायचं, आणि रोज झाकण लागायचं. मग कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानातून मी बन आणून खोलीत खायची. आईला पत्रात मात्र जेवण उत्तम आहे म्हणून कळवलं. ते खोटं नव्हतं, जेवण उत्तमच होतं.

आता खेळाचं सांगते.

साताऱ्याला ज्या मास्तरांनी मला बॉल धरायला शिकवलं त्यांचा एक कडक नियम होता: बॉल मागायचा नाही. जागा घ्यायची, हात छातीच्या वर तयार ठेवायचे आणि गप्प उभं राहायचं. ज्या मुलीकडे बॉल आहे तिने मान वर करून बघायचं आणि मोकळी कोण आहे ते शोधायचं. ओरडलं की समोरच्या टीमलाही कळतं, आणि शिवाय मुलीच्या जातीने आरडाओरडा कशाला, हे त्यांच्या मनात असणारच. तर मी गप्प उभी राहायची. इतकी गप्प की मला राखणारी मुलगी मला विसरून जायची. मी अगदी मोकळी, माझ्या लाडक्या डाव्या कोपऱ्यात, हात वर करून.

आणि बॉल यायचा नाही.

कॅप्टनच बॉल पुढे आणायची. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, बुटकी, चपळ, घोगऱ्या आवाजाची. वेणी वर बांधून तिच्यात अबोलीचा गजरा माळूनच सरावाला यायची आणि तो गजरा मॅच संपेपर्यंत ढळायचा नाही. ती मान खाली घालून दोघींच्या मधून घुसायची आणि बॉल कुठेतरी फेकायची, आणि तिथे नेमकी तिची कुणीतरी असायची. माझ्याकडे ती बघायचीच नाही. कोर्टावर सारखा गलका चाललेला असे. "अक्का, इंगे! अक्का!" अक्का म्हणजे ताई, इंगे म्हणजे इकडे, हे मला लवकरच कळलं. मला तो सगळा मासळीबाजार वाटायचा. त्यांच्या आपसांतल्या लाडाकोडाच्या हाका, मला त्यात जागा नाही, अशी मी समजूत करून घेतली. मला त्या 'बॉम्बे' म्हणायच्या. मुंबई मी धड पाहिलीही नव्हती. आणि मी कॅप्टनला काहीच म्हणत नसे. चंबू विसळणाऱ्या बाईला ताई म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती.

पहिले काही सामने मी असेच काढले. एका सामन्यात तर अख्ख्या पहिल्या हाफमध्ये बॉलला माझा हात लागला तो फक्त बाहेर गेलेला आणून द्यायला. संध्याकाळी बसमधून तिरुवल्लिकेणीला येताना मी खिडकीकडे तोंड करून रडले. बसमध्ये रडण्याची एक सोय असते, कुणी ओळखीचं नसतं.

मग एक दिवस माझी सटकली. नाही देत ना बॉल? नका देऊ. हुकलेला बॉल तर कुणाच्या बापाचा नसतो. मी कोपरा सोडला. आमच्यापैकी कुणीही बास्केट मारायला हात उचलला की मी बोर्डाकडे धाव घ्यायची. उजवीकडून मारलेला बॉल हुकला तर बहुतेक डावीकडे पडतो, लांबून मारलेला लांब उसळतो. कोण थकल्यावर आखूड मारते, कुणाचा बॉल रिंगच्या मागच्या कडेवर आपटतो, हे सगळं माझ्या अंगात भिनलं. अशा हुकलेल्या बॉलला रिबाउंड म्हणतात. मी उंच नव्हते, पण बॉल पडायच्या आधी तिथे असायची. पकडायचा आणि तिथल्या तिथे वर टाकायचा. कुणाचे उपकार नाहीत.

आणि टीम जिंकायला लागली. हे मला तेव्हाही विचित्र वाटायचं. आमच्या मुलींना बास्केट हुकायची भीतीच राहिली नाही. हुकलं तरी बॉम्बे आहे, असं त्यांना वाटू लागलं, आणि भीती गेल्यावर त्यांचे बॉल हुकेनासेच झाले. कालपर्यंत ज्या टीमसमोर आम्ही कशाबशा तग धरायचो त्यांना आम्ही सहज हरवायला लागलो. लांबून मारायला आणलेली मुलगी बोर्डाखाली धक्के खाते आहे याचं कोचना काहीच वाटलं नाही. ते मितभाषी, सैन्यातून आलेले. टाइमआउटला मला, तिकडे पोरींना मायेने लावतात तसं 'मा' लावून, म्हणायचे, "गुड, मा. तसंच चालू दे." पोरी पाठीवर थापा मारायच्या. थापा मारायच्या आणि पुढच्या वेळी पुन्हा बॉल दुसरीकडेच जायचा. माझ्या कोपराला कायमचं खरचटलेलं असायचं आणि मला वाटायचं, यांनी मला टीममध्ये नाही, कामाला ठेवून घेतलं आहे.

रविवारी मी मरीनावर जायची. वाळूवर घोळक्याने बसलेली माणसं, सुंदल, म्हणजे खोबरं घातलेले उकडलेले चणे, विकणारे, समुद्रात पाय बुडवून किंचाळणाऱ्या बायका. मी पाण्याच्या जरा अलीकडे बसायची. इतकी एकटी मी आयुष्यात पुन्हा कधी नव्हते. लग्न झालं, वैधव्य आलं, मुलं परदेशी गेली, तरी नाही.

फायनलच्या महिनाभर आधी कोचनी मला सरावानंतर थांबवलं. ऑफिसातून विचारणा झाली होती. ते म्हणाले, "तुला कायम करायचं म्हणतायत. राहणार ना?"

मनात मी हो म्हणूनही टाकलं. आणि तोंडाने मी म्हटलं, "नको, सर. जाते मी घरी."

का म्हणाले? राग तर होताच. पण नुसता राग नव्हता. मला वाटलं, आता ते म्हणतील, असं कसं, तुझ्याशिवाय टीम कशी चालेल, घरची आठवण येते का, कुणी काही बोललं का? मग मी आढेवेढे घेईन, ते पुन्हा म्हणतील, आणि मग मी नाइलाजाने हो म्हणेन. कोचनी टोपी काढली, पुसली, पुन्हा घातली. "शुअर?" म्हणाले. मी मान हलवली. "सरि," म्हणाले, म्हणजे बरं, आणि सायकलवर बसून निघून गेले.

झाकण लागलं.

फायनल संध्याकाळी होती, दिव्यांच्या उजेडात. प्रेक्षक पुष्कळ. समोर तीच टीम, जिच्याशी आमच्या मुली दरवर्षी हरत. शेवटपर्यंत अटीतटीचं झालं. अगदी थोडे सेकंद उरले होते, आम्ही एका पॉइंटने मागे, बॉल कॅप्टनकडे. ती आत घुसली, तिच्यावर तिघी धावल्या. मला राखणारीही गेली. मी डाव्या कोपऱ्याजवळ होते, चिटपाखरू नव्हतं माझ्या आजूबाजूला. पण मी तिकडे कशाला थांबतेय? कॅप्टन आता मारणार, तिघींच्या हातांवरून मारणार म्हणजे बॉल आखूड पडणार, एवढं मला कळलं आणि मी बोर्डाकडे वळले. पाठ फिरवली.

आणि वर्षात पहिल्यांदा तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि पास दिला.

बॉल माझ्या पाठीमागून, मी नुकत्याच सोडलेल्या जागेवरून, सरळ बाहेर गेला. मी वळले तेव्हा तो प्रेक्षकांच्या पायात गडगडत होता. शिटी वाजली. आम्ही हरलो.

मुली रडल्या. मी रडले नाही, माझ्या काही लक्षातच येत नव्हतं. सगळ्या बूट सोडायला गेल्या तेव्हा कॅप्टन माझ्याजवळ पायरीवर येऊन बसली. गजरा अजून जागच्या जागी होता. तोडक्यामोडक्या इंग्रजीत आणि बाकी तमिळमध्ये ती बोलली. तोपर्यंत मला तमिळ बऱ्यापैकी कळत होतं.

"मी बघितलं तर तू बघत नव्हतीस," ती म्हणाली.

"वर्षभर मी बघत होते. तू कधी दिलास?"

"नी कूप्पिडवे इल्लैये," ती म्हणाली. तू कधी हाकच मारली नाहीस.

मग तिने मला सांगितलं ते त्या टीममध्ये बारक्यातल्या बारक्या पोरीलाही माहीत होतं. अंगावर दोघी-तिघी असताना मान वर करायला वेळ कुणाला असतो? ती आवाजावर बॉल फेकते. जिला हवा ती ओरडते, आणि आवाज जिथून येतो तिथे बॉल जातो. लहानपणापासून त्या तशाच खेळत आलेल्या. मी कधी ओरडले नाही, तेव्हा त्यांना वाटलं मला बॉल नकोच आहे. मला रिबाउंडच आवडतो. आणि मी लांबची, शिकलेली, जरा शिष्ट, पाणीसुद्धा वेगळं पिते.

"चंबू तू विसळलास," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी."

"कुठला चंबू?"

तिला आठवतच नव्हतं. मी वर्षभर ज्याचं निखाऱ्यासारखं जतन केलं ते तिच्या गावीही नव्हतं. तिने आठवायचा मनापासून प्रयत्न केला, मग म्हणाली, उष्टा झाला की विसळायचाच, आमच्या पोरीही लावतात कधी तोंड. विसळला आणि संपलं, त्यात काय?

घरी आले. मामींनी वाढलं. "होर पाहिजे कीं?" त्यांनी विचारलं.

"पाहिजे," मी म्हटलं, आणि माझा आवाज फाटला.

मामींनी इतका भात वाढला की पान दिसेना. मी रडत रडत जेवले. पुन्हा एकदा वाढून झाल्यावर म्हणाल्या, "इतकं खाशी, होर वर्षभर सांगली नाहीस? तूं न बोललीस तर मज कसं कळेल गे?"

दुसऱ्या दिवशी मी कोचच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, सर, मला राहायचं आहे. अगदी स्पष्ट, एका दमात. कोचनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. जागा कोइम्बतूरच्या एका मुलीला दिली होती, तिचा कागदही निघाला होता. "मी विचारलं होतं, मा," ते म्हणाले. रागाने नाही. वाईट वाटूनच म्हणाले, आणि त्याचंच जास्त लागलं.

निघायच्या दिवशी सकाळी मी शेवटची सरावाला गेले. गाडी संध्याकाळची होती. कुडमवरचा चंबू उचलून मी मान मागे टाकली आणि पाणी प्याले. अर्धं नाकात गेलं. पोरी खिदळल्या. मग आम्ही आपसात दोन टीम करून खेळलो. मी पुन्हा माझ्या डाव्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. हात वर. कॅप्टन मान खाली घालून दोघींच्या मधून घुसली. तोंड उघडायला मला केवढे कष्ट पडले ते कुणाला सांगून पटणार नाही.

"अक्का!" मी ओरडले. "इंगे!"

तिने बघितलंही नाही. बॉल सरळ माझ्या हातात आला, छातीच्या उंचीवर, जिथे मला हवा होता तिथे. मी तो क्षणभर नुसता धरून ठेवला. मग मारला.

हुकला. वर्षभर सराव नव्हता त्या कोपऱ्यातून. बॉल रिंगवर आपटला, उसळला आणि बोर्डाखाली पडला. तिथे कुणीच नव्हतं. रिबाउंडला मी जायची, म्हणून दुसरी कुणी जातच नसे. सगळ्या जागच्या जागी उभ्या राहून माझ्याकडे बघायला लागल्या, आणि बॉल मोकळ्या सिमेंटवर टप्पे घेत राहिला.